दिवेलागणीची वेळ

(कर्वेनगर येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तरुण पिढी आणि मोबाईल’ या विषयावर चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मुलांविषयीच्या तक्रारींची भली मोठी यादी माझ्यापाशी तयार होती. परंतु घरी घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने ती यादी मला बाजूस ठेवावी लागली.

माझा नातू पाचवीत आहे. एके सायंकाळी तो अपूर्णांकाचे गणित घेऊन माझ्यापाशी आला. मी मोबाईलवर आलेले सुविचार स्नेह्यांना धाडण्यात गुंतलो होतो. मान वर न करताच म्हणालो, “थांब जरा.” काही वेळाने पाहतो तो वही मिटलेली आणि नातू आईचा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसलेला! ज्याने तीस वर्षे लोकांच्या मुलांना गणित शिकविले, त्याला स्वतःच्या नातवासाठी दहा मिनिटे सापडली नाहीत. मग रागवावयाचे कोणावर?

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी हे यंत्र आपणच मुलांच्या हाती दिले. परदेशी गेलेल्या लेकरांचे मुख त्यामुळेच दिसते, हा त्याचा उपकारही मान्य केला पाहिजे. तथापि घरात बोलावयास कोणी मोकळे नसले की मुलाचा जीव त्यात अडकतो, हे त्या सायंकाळी मला उमगले.

२०२२ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरू नये, असा ठराव केला. त्यामागील कळकळ वंदनीय आहे. परंतु मला अधिक भावला तो सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचा मार्ग. तेथे त्याच वर्षी ऑगस्टपासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. तो वाजला की साडेआठपर्यंत दूरदर्शन संच व मोबाईल बंद. मुलांचे आणि थोरांचेही! अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना ते पटविले. नियम सर्वांना सारखा, म्हणून मुलांना तो जाच वाटण्याचे कारण उरत नाही.

विचार करा, सात वाजताची वेळ म्हणजे आपली जुनी दिवेलागण. हातपाय धुऊन मुले देवापुढे बसत. शुभंकरोती आणि पाढ्यांची पर्वचा होई. वडील माणसे जवळ बसून चुकलेला पाढा सुधारीत. तो तास आपल्या घरातून केव्हा गेला, हे आपल्याला कळलेही नाही.

ज्यांच्या नावाच्या या वस्तीत आपण जमलो आहोत, त्या महर्षी कर्व्यांनी १८९३ साली प्रथम स्वतः विधवेशी विवाह केला आणि मग विधवाविवाहाच्या प्रचारासाठी मंडळी उभी केली. त्यांच्या आचरणातील हा क्रम आपण घ्यावा.

म्हणून माझी नम्र विनंती मुलांना नसून आपणांस आहे. दिवेलागणीला प्रथम आजोबांनी, मग आईवडिलांनी आपापला मोबाईल फळीवर ठेवावा. मुलांचे त्यानंतर पाहू. नोकरीमुळे ज्यांना उशीर होतो, त्यांनी निदान जेवणाची वेळ तरी राखावी. कोणाची निकड असेल तर घंटी वाजेलच.

माझा मोबाईल गेले तीन आठवडे फळीवर जात आहे. पहिले चार दिवस हात सारखा तिकडे वळे, हे कबूल करतो. नातवाचे अपूर्णांक मात्र पुरे होत आले आहेत.