नागीण, कावीळ आणि आपला पाण्याचा ड्रम

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला विषय दिला, ‘आजाराच्या ऐकीव गोष्टी’. मी काही डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत गेली. पण बँकेत एक सवय लागते. नोंद दिसली की व्हाऊचर कुठे आहे, हे विचारायचं. आज आजीबाईंच्या नोंदींना तोच प्रश्न विचारू या.

पहिली नोंद नागिणीची. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही, असं आपण सगळ्यांनी ऐकलंय. खरं काय, तर लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतात. पन्नाशीनंतर प्रतिकारशक्ती उतरली की ते जागे होतात आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने पुरळ उठतं. डाव्या-उजव्या बाजूचे तंतू वेगळे, म्हणून पुरळ बहुधा अंगाच्या मध्यावर थांबतं. वेढा पुरा होतच नाही, आणि मांत्रिक म्हणतो, मीच अडवली! गेरूच्या लेपात दिवस जातात, इथे खरं नुकसान आहे. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं उत्तम. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नजरेला धोका असतो. पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या सगळ्यांच्या वयाचाच हा आजार, म्हणून आधी सांगितला.

दुसरी नोंद कावीळ उतरवण्याची. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय उतरवणाऱ्याच्या खात्यात जमा होतं. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत धुतले, तर धडधाकट माणसाच्या हातानेही पाणी पिवळं होतं. पण पित्ताच्या खड्याने नळी अडली असेल, तर ती कावीळ अशी उतरत नाही. आणि गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही दवडू नका, जिवावर बेतू शकतं.

म्हणून आजीबाईंना हसायचं का? मुळीच नाही. घरात गोवर-कांजिण्या आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागायचा आणि पाहुणे बंद व्हायचे. कारण देवीचं सांगितलं, पण लागण आटोक्यात राहायला मदतच झाली. शिकलेली माणसं तरी कुठे वेगळी होती? ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच वाईट हवा. दलदलीच्या हवेने हिवताप येतो, असं मोठमोठे वैद्य मानत. आपलं शहर ज्या निजामाच्या राज्यात होतं, त्याच राज्यातल्या सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. तेव्हा कुठे हवेवरचा आरोप सुटला.

आता आपल्या काळातली ऐकीव गोष्ट. ‘डेंग्यू गटारीमुळे होतो’, म्हणून आपण महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. गटार साफ हवीच. पण डेंग्यूचा डास अंडी घालतो साचलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि चावतो दिवसा. आपल्याकडे नळ रोज येत नाही. म्हणून गच्चीवर टाक्या, बाल्कनीत ड्रम, उन्हाळ्यात कूलर. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे डेंग्यू बाहेरून येतो असं नाही, आपणच त्याला घरात ठेवून घेतो.

कार्यकारिणीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून दर रविवार ‘कोरडा दिवस’ ठरवा. ड्रम आणि कूलर रिकामे करून आतली बाजू घासायची, कारण अंडी भिंतीला चिकटतात. मग घट्ट झाकण. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं सोसायटीने बघायची.

आणि घरच्यांसाठी एकच हिशेब. हळदीचं दूध घ्या, दृष्ट काढा, मन शांत होत असेल तर खुशाल. फक्त त्यापायी डॉक्टरकडे जायला उशीर होऊ देऊ नका. पैशाचं नुकसान भरून निघतं. गेलेले ७२ तास कोणतीही बँक परत देत नाही.