मधुमेह : शस्त्रक्रिया की अल्पाहार?



दुसऱ्या प्रकारचा मधुमेह एकदा जडला की तो जन्माचा सोबती, अशी समजूत अनेक वर्षे रूढ होती. तिला मोठा धक्का दिला तो शल्यचिकित्सकांनी. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डॉ. वॉल्टर पोरिस यांनी १९९५ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला. स्थूलतेसाठी जठर लहान करून अन्नाचा मार्ग वळविलेल्या बहुसंख्य मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा पूर्ववत झाली होती; तीही अनेकदा वजन फारसे उतरण्यापूर्वीच.

इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांच्या मनात मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस रुग्णाच्या पोटात अन्न जवळजवळ जातच नाही; मग गुण शस्त्राचा की उपासाचा? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अकरा रुग्णांना आठ आठवडे दररोज सुमारे ६०० कॅलरींचाच आहार देण्यात आला. आठवडाभरातच त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. यकृतातील व स्वादुपिंडातील साचलेली चरबी उतरली आणि इन्सुलिनची निर्मिती सुधारली.

मग शस्त्रक्रिया निरर्थक ठरते काय? तसे नाही. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात सुमारे ८५० कॅलरींच्या आहाराने वर्षअखेर ४६ टक्के रुग्ण औषधाविना मधुमेहमुक्त झाले; दुसऱ्या वर्षअखेर हे प्रमाण ३६ टक्के राहिले. पुढे पाच वर्षांपर्यंत पाहणी झालेल्यांत ते १३ टक्क्यांवर आले. वजन परतले, तसा रोगही परतला. रोममधील अतिस्थूल रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३७.५ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही मुक्त होते. दोन्हीकडचे रुग्ण भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नव्हे. तरी तिचा रोख स्पष्ट आहे.

शस्त्रक्रियेचेही मोल द्यावे लागतेच. तिच्यात जोखीम आहे आणि जीवनसत्त्वे, लोह यांची पूर्ती जन्मभर करावी लागते. म्हणून रोग नवा असून इन्सुलिन सुरू नसेल, तर प्रथम आहाराचा मार्ग. स्थूलता फार असेल व आहाराने यश येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार. मात्र इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना परस्पर आहार तोडणे जिवावर बेतू शकते. वैद्यकीय देखरेख अनिवार्य आहे.

व्यापारात नफा मिळविणे एक वेळ सोपे, तो राखणे कठीण. आरोग्याचेही तसेच आहे. ते राखण्याचा विवेक सर्वांच्या ठायी जागृत राहो, हीच सदिच्छा!