एअर-फ्लो सेन्सर बदलल्यावर पुन्हा ट्यूनिंग हवे काय?

एअर-फ्लो सेन्सर बदलला की इंजिनाचे ट्यूनिंगही नव्याने करावे लागते, असा समज आढळतो. सार्वजनिक वाहनाचे देयक मंजूर करणाऱ्यांनी त्याची शहानिशा केली पाहिजे.

एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिनात येणारी हवा सेन्सर मोजतो. त्यानुसार संगणक इंधन सोडतो. मूळ बनावटीचाच सेन्सर बसविल्यास ट्यूनिंगची सहसा गरज नसते. संगणकात साठलेल्या जुन्या दुरुस्त्या पुसून वाहन काही काळ चालविले की पुरते. मात्र सेन्सरचा प्रकार वा त्याच्या नळीचा व्यास बदलल्यास संगणकातील मापन-कोष्टकही बदलणे अगत्याचे आहे. अन्यथा इंधन कमी पडून इंजिनास इजा पोहोचते, किंवा अधिक होऊन ते वाया जाते.

म्हणून स्वाक्षरीपूर्वी जुन्या व नव्या सेन्सरचे भाग-क्रमांक अवश्य पडताळावेत.