धडा गाळला, प्रश्न राहिला



आम्ही शिकलो ते कारखान्यात. चुकलो तर आमचा कान धरा.

परवा चऱ्होलीतील एका कामगाराची मुलगी दहावीचे पुस्तक घेऊन आली. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा उघडून म्हणाली, “काका, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?” जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत हेच बोलले होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्याचे लगेच खंडन केले.

आम्ही म्हटले, “पोरी, तू तुझ्या चुलत बहिणीपासून झालीस काय? आजोबा एक, म्हणून नाते. तसाच चिंपांझी आपला चुलत भाऊ. दोघांचा पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वजांची दोन गुणसूत्रे जुळून आपले एक झाले. वेल्डिंगचा सांधा दिसावा तशी त्याची खूण अजून दिसते. आता अंगठा बोटांच्या टोकांना लाव. चिंपांझीचा अंगठा आखूड, बोटे लांब. आपला अंगठा लांब, म्हणून सुई धरता येते, मायक्रोमीटर फिरवता येतो.”

पोरगी बराच वेळ आपला हात पाहत राहिली.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून हा भाग गेला, तेव्हा १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व नागरिकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. सधनांची मुले गाळलेला धडा घरी वाचतील. कष्टकऱ्याच्या पोराला मात्र शाळेत मिळेल तेवढेच ज्ञान. म्हणून, मंडळी, मजुरीइतकेच या धड्यावरही आपण लक्ष ठेवले पाहिजे.