पालकांनी शाळेसाठी बोललेच पाहिजे



 बुलढाण्यातल्या या पालक-शिक्षकांच्या संमेलनात सकाळपासूनच्या चर्चेत एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. पालक-शिक्षक संघाने स्नेहसंमेलन, सहल आणि निकालाचा दिवस एवढेच सांभाळावे, की शाळेच्या अडचणी घेऊन पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत, वेळ पडली तर सरकारच्या दारातही जावे? ‘शाळेत राजकारण नको’ असे म्हणणाऱ्यांची काळजी खरी आहे आणि तिच्याकडे मी वळणार आहे. पण माझे मत आधीच सांगते : गेलेच पाहिजे.

हा अधिकार कुणी मेहरबानीने दिलेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदाच सांगतो. २२व्या कलमाने या समितीवर शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली आणि शासनाचे अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरावे असे म्हटले. म्हणजे पालकांनी मागावे, हेच कायद्याला अपेक्षित आहे. प्रत्यक्षात काय होते ते या मांडवातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मागच्या वर्षीचा आराखडा थोडा बदलून पुन्हा लिहिला जातो आणि सह्या घरोघरी फिरून गोळा केल्या जातात. ज्या आईची सही घेतली, तिला आपण सदस्य आहोत हेही कधी कधी माहीत नसते.

आता शिक्षकांविषयी. वर्गाची खोली गळते, दोन शिक्षकांवर पाच वर्ग आहेत, शाळेच्या वेळात कुठले तरी सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरणे चालू आहे, हे सर्वांत आधी गुरुजींना आणि बाईंना कळते. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. शासनाच्या धोरणावर तो जाहीरपणे टीका करू शकत नाही. अर्ज लिहितो, केंद्रप्रमुखांकडे देतो आणि गप्प बसतो. पालकावर असे बंधन नाही. शिक्षकाजवळ माहिती आहे, पालकाजवळ बोलण्याची मोकळीक आहे. ही दोन माणसे एका बैठकीत समोरासमोर बसतात ती याच संघात आणि याच समितीत. तिथेही नुसत्या गॅदरिंगच्या वर्गणीवर बोलणे होत असेल, तर त्या शाळेचे गाऱ्हाणे मांडायला दुसरे कोणी उरत नाही. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे २७वे कलम म्हणते. ते कलम वाचून दाखवणारा पालक गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभा राहिला, तर त्याचे ऐकावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या भागाचे उदाहरण घ्या. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली कितीतरी गावे खारपाणपट्ट्यात आहेत. खारे पाणी आणि किडनीचे आजार यांची भीती तिथल्या घराघरांत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत सुरक्षित पिण्याचे पाणी असलेच पाहिजे असे लिहिले आहे. ज्यांच्या घरी विकतचे पाणी येते त्यांची मुले बाटली भरून आणतात. बाकीची मुले शाळेत असेल ते पितात, आणि तीच मुले गरीब घरची असतात. शाळेतल्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, अहवाल काय आला, हे विचारायला आंदोलन लागत नाही. समितीने ठराव करावा, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे अहवाल मागावा, ग्रामसभेत विषय घ्यावा. माझ्या मते खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक समितीचा वर्षाचा पहिला ठराव हाच असायला हवा.

घाटावरची अडचण वेगळी. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण मंजुरी यायला उशीर झाला तर मूल आईबापाबरोबर गाडीत बसून निघून गेलेले असते. म्हणून वसतिगृहाची मागणी भाद्रपदातच लेखी जायला हवी.

आणखी एक प्रश्न लहान शाळांचा : २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरकू वस्त्यांतली सहा वर्षांची मुलगी रोज किती चालेल, हा प्रश्न तिचे पालक विचारणार नाहीत तर कोण विचारणार?

पालक बोलले की निर्णय बदलतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्याखालच्या दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली होती. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. खासगी शाळांच्या शुल्काबाबत मात्र २०१८ च्या दुरुस्तीने तक्रारीसाठी २५ टक्के पालकांची अट घातली. ती अट मला अन्यायाची वाटते. पण ती आहे तोवर एकट्या पालकाला वाट नाही, म्हणून संघ जिवंत असणे आणखी गरजेचे आहे.

आता राजकारणाची भीती. समितीच्या निवडीत ग्रामपंचायतीची भांडणे उतरतात. भावकीच्या रागातून एखाद्या बाईंच्या बदलीची मागणी होते, कधी त्या मागणीमागे जातही असते. याला मी शाळेचा प्रश्न म्हणत नाही. ज्या मागणीने शाळेतल्या प्रत्येक मुलाचे काही भले होते, तीच संघाची मागणी. मात्र मुलावर अत्याचार झाल्याची नुसती शंका आली तरी बैठक, ठराव, समजूत यांत एक तासही घालवू नका, थेट पोलिसांत जा. पोक्सो कायद्याने ती माहिती देणे बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोकांना रेल्वे रुळांवर उतरावे लागले, कारण शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्यांच्या पालकांची तक्रार वेळेवर घेतली गेली नव्हती.

सरकारपुढे मागणी मांडणे नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले होते. तेव्हा असा कुठलाच कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता. आपल्या पाठीशी आहे. ३२व्या कलमाप्रमाणे लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे दाद मागता येते.

म्हणून परत गेल्यावर एवढे करा. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात, तेव्हा त्याआधी बैठक घ्या. बैठकीची वेळ अशी ठेवा की शेतमजुरीला जाणाऱ्या आयांना येता येईल. ठराव त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, मगच सह्या घ्या. अर्ज पंचायत समितीत द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.