भिंतीआडची हवा : तापमान व आर्द्रता नियंत्रित कक्षांच्या नियोजनाविषयी

(वार्षिक सर्वसाधारण सभेत बांधकाम व यंत्रसामग्री उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



नव्या शस्त्रक्रिया विभागासाठी आपण जो निधी उभा करून दिलात, त्याचा विनियोग कसा होणार हे सांगण्याचे कर्तव्य आमच्या उपसमितीकडे आले आहे. नियोजित इमारतीचे चित्र प्रवेशद्वारापाशी लावले आहे, ते आपण पाहिलेच असेल. आज ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे आहे ती त्या चित्रात दिसत नाही. ती गोष्ट म्हणजे त्या खोल्यांतील हवा. तिचे तापमान आणि तिच्यातील ओलावा. या अदृश्य गोष्टीवर आपल्या निधीतील मोठा वाटा खर्च होणार आहे. म्हणून तो का व कसा, हे आपणांस कळलेच पाहिजे.

आरंभी आम्ही एका चुकीची कबुली देतो. आपले रुग्णालय कोकणपट्टीत आहे. काही वर्षांपूर्वी, ऐन आषाढात, जुन्या शस्त्रक्रियागृहातील हवेच्या जाळ्यांना पाझर फुटला. छतातून थेंब ठिबकू लागले आणि निर्जंतुक करून ठेवलेली कापडी बोचकी हाताला दमट लागू लागली. दमट झालेले बोचके निर्जंतुक मानता येत नाही. साहजिकच त्या आठवड्यातील ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. उपाशीपोटी तयार ठेवलेले रुग्ण आणि पहाटेच्या एस.टी.ने आलेले त्यांचे नातेवाईक निमूटपणे परत गेले. आम्ही यंत्राला दोष दिला आणि त्याहून मोठे यंत्र आणून बसविले. पुढच्या पावसाळ्यात खोली अधिक लवकर गार झाली, आणि भिंतींवर बुरशी मात्र पहिल्याहून अधिक आली.

पुढे जुनी कागदपत्रे उघडून पाहिली, तेव्हा दोष कोठे होता ते उमगले. आमच्या मागणीपत्रात यंत्र किती टनांचे हवे एवढेच लिहिलेले होते. खोलीत काय होणार, हवेत ओलावा किती चालेल, बाहेरची हवा किती घ्यावयाची, यांपैकी एक अक्षरही नव्हते. पुरवठादाराने मागितले तेच दिले. चूक मागणाऱ्यांची, म्हणजे आमची होती.

हवेचा स्वभाव थोडक्यात सांगितला पाहिजे. हवा जितकी उष्ण, तितकी तिची वाफ सामावून घेण्याची शक्ती अधिक. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते. तीच हवा २० अंशांवर आणली की जेमतेम १७ ग्रॅम धरते. उरलेले पाणी कोठे तरी बाहेर पडणारच. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जो घाम फुटतो, तो हाच. हे पाणी यंत्रातील थंड नळ्यांवर गोळा होऊन नळीवाटे निघून गेले तर उत्तम. नाही तर ते छतावर, भिंतीवर आणि बोचक्यांवर बसते.

याचा हिशेब आम्ही नव्या शस्त्रक्रियागृहासाठी मांडला. खोली सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, म्हणजे १०८ घनमीटरांची. तिच्यात तासाला निदान चार वेळा भरेल इतकी ताजी हवा घ्यावयाची, म्हणजे ४३२ घनमीटर. पावसाळ्यातील २८ अंशांच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. आपणांस हवी असलेली २१ अंशांची, ५५ टक्के आर्द्रतेची हवा सुमारे १० ग्रॅमच धरते. यावरून, केवळ ताज्या हवेतूनच दर तासाला सुमारे सहा लिटर पाणी काढून टाकावे लागेल. एका खोलीपुरते हे पाणी अडीच तासांत एक बादली भरील!

मोठ्या यंत्राने बुरशी का वाढली, याचे उत्तर येथेच आहे. साधे यंत्र तापमान पाहून चालते आणि थांबते. पावसाळ्यात ऊन नसल्याने खोलीत उष्णता कमी आणि ओल अधिक असते. मोठे यंत्र काही मिनिटांत खोली गार करते आणि थांबते. ओल काढण्यास त्याला अवधीच मिळत नाही. गार पण दमट हवा ही बुरशीला फार मानवते. म्हणून यंत्राची क्षमता ठरविताना वैशाखातील सर्वांत तापलेली दुपार पाहून भागत नाही. आषाढातील सर्वांत ओली सकाळही पाहावी लागते.

येथे इतिहासातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी जी योजना आखली, ती आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ मानली जाते. त्या छापखान्याची अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेने कागद फुगे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. ओलावा आवरणे हाच या विद्येचा मूळ हेतू होता. आपण मात्र तिला पुढे केवळ गारव्याची सोय समजून बसलो.

आता कोणत्या खोलीस काय हवे ते पाहू. राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या २०१८ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार सामान्य शस्त्रक्रियागृहात तापमान २१ अंश, तीन अंश कमी-अधिक, आणि आर्द्रता २० ते ६० टक्के असावी. तासाला निदान २० वेळा हवा फिरावी, त्यांपैकी चार वेळा ताजी. आणि आतील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक असावा, म्हणजे दार उघडताच मार्गिकेतील धूळ आत शिरत नाही. खिडकीत वा भिंतीवर बसविण्याची घरगुती यंत्रे या कामास चालत नाहीत. ती खोलीतील तीच ती हवा फिरवीत राहतात.

नवजात शिशूंच्या कक्षाची गरज याच्या उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तेथे २५ ते २८ अंशांची ऊब हवी. अकाली जन्मलेल्या बालकाच्या अंगावर चरबीचा थर नसतो. मोठ्यांना सुखद वाटणारा गारवा त्याच्या जिवावर बेतू शकतो. सिझेरियनच्या वेळी या दोन गरजा एकाच खोलीत समोरासमोर येतात: अंगावर जाड झगा घातलेल्या शल्यविशारदांना गारवा हवा असतो आणि जन्मणाऱ्या बाळाला ऊब. म्हणून त्या खोलीत तापमान वर-खाली करण्याची सोय परिचारिकेच्या हाताशी राहील आणि बाळासाठी उबदार किरणांचा वेगळा पाळणा असेल, असे आम्ही तपशीलपत्रात नमूद केले आहे.

रक्त साठवण कक्षात तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ठेवाव्या लागतात. त्या गोठल्या की फुटतात आणि रक्त निरुपयोगी होते. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवाव्या लागतात, आणि त्याही पाचच दिवस. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा या पिशव्यांचे मोल काय असते हे येथे बसलेल्या अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. लसींना २ ते ८ अंश लागतात. त्यांपैकी हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसी एकदा गोठल्या की वाया जातात, म्हणून ‘जितके थंड तितके चांगले’ हा समज येथे घातक ठरतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आवरणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शनही २ ते ८ अंशांतच ठेवावे लागते. उष्णतेने त्याची शक्ती घटते, आणि ती घटली आहे हे कुपीकडे पाहून कळत नाही. कळते ते खाटेवरील मातेचा रक्तस्राव थांबत नाही तेव्हा.

या अनुभवातून आम्ही एक शिस्त घालून घेतली आहे. यंत्राचे नाव घेण्यापूर्वी प्रत्येक खोलीसाठी एक कागद भरावयाचा. त्यावर प्रथम येते ती त्या खोलीत राहणारी वस्तू किंवा व्यक्ती. मग तिला चालणारी खालची व वरची मर्यादा. मग खोलीत किती माणसे, किती दिवे, कोणती उपकरणे. शांत बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता देत असतो, आणि प्रत्येक शीतपेटी आतली उष्णता त्याच खोलीत बाहेर टाकीत असते. दार दिवसातून किती वेळा उघडेल, आणि वीज गेल्यास खोली किती वेळ तग धरील, हेही तेथेच लिहावयाचे. हा कागद परिचारिका, शल्यविशारद, औषधनिर्माते आणि अभियंते यांनी एकत्र बसून भरला. अनेक गोष्टी आम्हांस प्रथमच परिचारिकांकडून कळल्या, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

यानंतर भिंतींचा विचार. गळक्या भांड्यात पाणी साठत नाही, तसेच फटी असलेल्या खोलीत कोरडी हवा टिकत नाही. आपल्याकडे ओलावा बाहेरून आत येतो. म्हणून बाष्परोधक थर उष्णतारोधकाच्या बाहेरच्या बाजूस हवा. तो आत घातला तर भिंतीच्या पोटात पाणी साठते. नळ वा विजेच्या तारांसाठी पाडलेले प्रत्येक भोक बुजवून त्याची तपासणी होईल.

एका विश्वस्त महोदयांनी बैठकीत रास्त प्रश्न विचारला होता, की हवा आधी अति थंड करावयाची आणि पुन्हा ऊबवावयाची, हा कोणता व्यवहार? उत्तर असे, की २१ अंश आणि ५५ टक्के या हवेचा दवबिंदू सुमारे १२ अंश आहे. तितकी थंड केल्याखेरीज तिच्यातील जादा पाणी निथळत नाही. आणि निथळल्यावर तशीच सोडली तर खोली असह्य गार होते. मात्र पुन्हा ऊब देण्यासाठी यंत्रातूनच फेकली जाणारी उष्णता वापरावी, अशी अट आम्ही घातली आहे, म्हणजे वीजदेयकाचा भार आटोक्यात राहील.

वीज हा आपल्याकडील कळीचा मुद्दा. रक्त व लसींच्या कक्षांत प्रत्येकी दोन यंत्रे राहतील आणि एक बंद पडल्यास दुसरे एकटे पुरे पडेल. दोन्ही जनित्राला जोडलेली असतील. मर्यादा ओलांडताच रात्रपाळीच्या जबाबदार व्यक्तीच्या भ्रमणध्वनीवर सूचना जाईल. तापमापकांची तपासणी दरवर्षी होईल.

काम पूर्ण झाले हे कोणी ठरवावयाचे? यंत्र सुरू झाले म्हणजे काम झाले, असे आम्ही आता मानणार नाही. खोली रिकामी असताना आणि भरलेली असताना, कोपऱ्यांत, दाराजवळ, वरच्या व खालच्या फळीवर तापमापक ठेवून नोंदी घेतल्या जातील. मुद्दाम वीज बंद करून पाहिली जाईल, दार उघडे ठेवून पाहिले जाईल. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता मे महिन्याची आणि जुलै महिन्याची अशा दोन्ही परीक्षा पार पडल्यावरच दिला जाईल.

शेवटी देणगीदारांना एक नम्र विनंती. खोलीवर वा यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. गाळण्या बदलण्यावर, निचऱ्याची नळी साफ ठेवण्यावर आणि दरमहाच्या वीजदेयकावर ते कोरता येत नाही. तरीही पाचव्या पावसाळ्यात ती खोली कोरडी राहील की नाही, हे याच खर्चावर अवलंबून असते. म्हणून या विभागासाठी एक कायम देखभाल निधी उभारावा आणि त्याच्या व्याजातूनच हा खर्च चालावा, असा प्रस्ताव आम्ही मांडत आहोत. तो मान्य होत नाही तोवर यंत्रांची मागणी नोंदवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चालविता न येणारे यंत्र घेण्यापेक्षा एक खोली कमी बांधलेली बरी.

त्या आषाढात परत गेलेल्या रुग्णांचे आणि त्यांच्या माणसांचे चेहरे आम्ही विसरलेलो नाही. बाहेर पाऊस कितीही कोसळो, हवेच्या दोषामुळे एकाही रुग्णाला पुन्हा तसे परतावे लागू नये, यासाठी हा सारा खटाटोप आहे.