ऑनलाइन दुकानाची जागा निवडताना

(सुवर्णमहोत्सवानिमित्त व्यापारी बांधवांच्या सभेत वाचलेले व्याख्यान)



पूर्वी नवे दुकान थाटावयाचे ठरले की घरातील कर्ती माणसे महिनोन्‌महिने विचार करीत. पेठ कोणती, जागा स्वतःची की भाड्याची, पागडी किती, समोरून वर्दळ कशी, भाडेपावती कोणाच्या नावे, या साऱ्याचा काथ्याकूट झाल्यावरच दुकानावर पाटी लागत असे. आज तेच कुटुंब इंटरनेटवर दुकान उघडते तेव्हा मात्र निर्णय बहुधा एका संध्याकाळी होतो. कोणीतरी एखादे नाव सुचविलेले असते, पडद्यावरील नमुना डोळ्यांत भरतो आणि पैसे भरले जातात. मुलगा म्हणतो, "बाबा, सगळे हेच वापरतात." वडिलांना संगणकातील फारसे कळत नसते, म्हणून ते गप्प बसतात.

वस्तुतः या प्रसंगी वडिलांनी गप्प बसण्याचे कारण नाही. ऑनलाइन दुकानासाठी 'प्लॅटफॉर्म' निवडणे म्हणजे जागाच निवडणे होय, आणि जागेची पारख जुन्या व्यापाऱ्याला उत्तम असते. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पैसे घेण्याचा प्रश्न लहान दुकानदारालाही सोपा झाला. पुढे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. माल कपाटात आणि गिऱ्हाईक घरात, अशी अवस्था कापडाच्या पेठांनी पाहिली. तेव्हापासून ऑनलाइन दुकान हा हौसेचा विषय राहिलेला नाही. म्हणूनच त्याची निवड घाईने होऊ नये.

जागांचे तीन प्रकार

पहिला प्रकार मोठ्या बाजारातील गाळ्याचा. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो ही त्याची परिचित नावे. येथे गिऱ्हाइकांची वर्दळ आयती मिळते, हा मोठाच लाभ. परंतु बहुतेक ठिकाणी विक्रीतून दलाली व इतर शुल्के वजा होतात आणि शेजारच्या गाळ्यात तोच माल दहा रुपयांनी स्वस्त दिसतो. शिवाय जीएसटी कायद्यानुसार १ ऑक्टोबर २०१८ पासून असा बाजारचालक विक्रेत्याच्या रकमेतून टीसीएस कापून घेतो. हा दर आरंभी १ टक्का होता, तो १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला. ही रक्कम खात्यात जमा मिळते हे खरे, पण तोवर भांडवल अडकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथील गिऱ्हाईक बाजाराचे असते, दुकानदाराचे नव्हे.

दुसरा प्रकार भाड्याच्या तयार दुकानाचा. शॉपिफाय हे त्यातील ठळक नाव. तिचा इतिहास व्यापाऱ्याने ऐकण्यासारखा आहे. कॅनडातील ओटावा येथे टोबियास ल्युटके यांनी २००४ मध्ये बर्फावर घसरण्याच्या फळ्या इंटरनेटवर विकावयास घेतल्या. मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच ते लिहिले आणि २००६ मध्ये तेच इतर दुकानदारांना भाड्याने देण्यास आरंभ केला. एका दुकानदाराच्या अडचणीतून ही कंपनी जन्मली. भारतातील झोहो कंपनीचे झोहो कॉमर्स हेही याच जातीचे. दरमहा भाडे भरावे. सर्व्हर, सुरक्षा आणि दुरुस्ती यांची काळजी मालकाने वाहावी. मात्र कराराची कलमे बारकाईने वाचावीत. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. अशा ठिकाणी बाहेरचा गेटवे वापरला तर गेटवेच्या शुल्काखेरीज कंपनीही योजनेनुसार प्रत्येक विक्रीवर काही टक्के घेते.

तिसरा प्रकार स्वतःच्या जागेचा. वर्डप्रेस हे संकेतस्थळ उभारण्याचे मोफत सॉफ्टवेअर २००३ मध्ये आले, आणि त्यावर दुकान चालविणारे वूकॉमर्स २०११ मध्ये. ओपनकार्ट हेही असेच. येथे सॉफ्टवेअरला मूल्य नाही, परंतु होस्टिंग घ्यावे लागते, उभारणीस माणूस लागतो आणि सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात. स्वतःच्या इमारतीची गळती स्वतःच काढावी लागते, तसेच हे.

या तिन्हींखेरीज ओएनडीसी हा केंद्र शासनाच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेला उपक्रम आहे. ते स्वतंत्र दुकान नसून अनेक दुकानांना व अनेक ग्राहक-अ‍ॅपना जोडणारे जाळे आहे. जागा निवडताना ती या जाळ्याला जोडता येते का, एवढे विचारून ठेवावे.

तीन वर्षांचा हिशेब

पहिल्या महिन्याच्या खर्चावरून निवड करू नये, तीन वर्षांचा ताळा मांडावा. केवळ उदाहरणासाठी काही आकडे गृहीत धरू. भाड्याच्या दुकानाचे भाडे दरमहा २,००० रुपये आणि विक्रीवर २ टक्के जादा शुल्क. स्वतःच्या दुकानाची उभारणी ४०,००० रुपये, होस्टिंग व नाव मिळून वर्षाला ७,००० आणि देखभाल १२,०००. बाजारातील दलाली १५ टक्के. गेटवेचे शुल्क भाड्याच्या व स्वतःच्या दुकानास सारखेच पडते, म्हणून ते बाजूला ठेवू.

वार्षिक विक्री २ लाख असेल तर तीन वर्षांत भाड्याचे दुकान ८४,००० रुपयांस, बाजारातील गाळा ९०,००० रुपयांस आणि स्वतःचे दुकान ९७,००० रुपयांस पडते. म्हणजे आरंभी भाड्याची जागाच बरी. विक्री १० लाखांवर गेली की चित्र पालटते. स्वतःचे दुकान ९७,००० रुपयांतच राहते, भाड्याचे १,३२,००० होते आणि बाजारातील दलाली साडेचार लाखांवर जाते. या गृहीतकांनुसार भाड्याचा व स्वतःचा खर्च वार्षिक विक्री सुमारे ४ लाख १७ हजार असताना समसमान होतो. प्रत्येकाने आपले खरे आकडे घालून हा बिंदू काढावा. हे काम संगणकतज्ज्ञाचे नाही, रोजमेळ लिहिणाऱ्याचे आहे.

कापडाच्या कसोट्या

यानंतर मालाचा विचार. बहुतेक प्लॅटफॉर्म नग मोजण्यासाठी घडविलेले आहेत. सोलापुरी चादर किंवा टॉवेल त्यांत सहज बसतो. पण ताग्यातून सव्वादोन मीटर कापड मागणारे गिऱ्हाईक आले की गाडी अडते. शॉपिफाय व वूकॉमर्स या दोहोंतही संख्या मुळात पूर्णांकातच धरली जाते. अपूर्णांकासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते, किंवा पाव मीटर हाच एक नग मानून नऊ नगांची विक्री दाखवावी लागते. ही सोय कशी होईल, हे पैसे भरण्यापूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे.

दुसरी कसोटी एकुलत्या नगाची. हातमागाची इरकल किंवा पैठणी अनेकदा एकच असते. ती दुकानात साडेअकराला विकली गेली आणि बाराला संकेतस्थळावरही विकली गेली, तर एका गिऱ्हाइकाची क्षमा मागावी लागते. दुकानातील बिलाचे सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळ यांचा साठा एकमेकांशी जुळता राहतो का, हे म्हणूनच पाहावे. तिसरी कसोटी रंगाची. पडद्यावरील मोरपंखी रंग हाती आल्यावर वेगळा भासतो आणि माल परत येतो. मोठी छायाचित्रे, उजेडातील चित्रफीत आणि परतीचे स्पष्ट नियम ठेवण्याची सोय हवी. पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत नाकारलेल्या पार्सलचे जाण्या-येण्याचे भाडे दुकानदाराच्याच माथी पडते, म्हणून ही सोय ठरावीक पिनकोडपुरती मर्यादित करता येते का, हेही विचारावे.

कायद्याची बाजू

करांचे दर बदलतात. तयार कपड्यांवर १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि त्यापुढील दर १८ टक्के झाला. असा बदल एका रात्रीत सर्व मालाला लावता येईल, अशीच यंत्रणा हवी. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याने तर आधीच सावध असावे. त्याला परराज्यात माल विकता येत नाही, आणि संकेतस्थळ मात्र साऱ्या देशाला दिसते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये दुकानाचे नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती संकेतस्थळावर द्यावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असा दंडक आहे. ही पाने बनविण्याची व तक्रारींची नोंद ठेवण्याची सोय नसलेली जागा कितीही देखणी असली तरी उपयोगाची नाही.

बाहेर पडण्याची वाट

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जागा घेतानाच ती सोडता येईल का, हे पाहावे. मॅजेंटो गो ही भाड्याच्या दुकानांची सेवा १ फेब्रुवारी २०१५ रोजी बंद झाली आणि तेथील दुकानदारांना बिऱ्हाड हलवावे लागले. स्वतःच्या जागेतही हा प्रसंग येतो. मॅजेंटोच्या पहिल्या पिढीच्या सॉफ्टवेअरची सुरक्षा-दुरुस्ती ३० जून २०२० रोजी थांबली आणि ते वापरणाऱ्यांना नवी व्यवस्था शोधावी लागली. यात कोणा दुकानदाराचा दोष नव्हता. ज्यांच्यापाशी आपल्या मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी होती, त्यांचे स्थलांतर सोपे. ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांना पुन्हा श्रीगणेशा.

याहून वाईट अवस्था नावाची होते. समजा, पन्नास वर्षे चाललेल्या पेढीने संकेतस्थळ बनवून घेतले आणि बनविणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावे नोंदविले. पुढे दोघांत बिनसले, किंवा नूतनीकरणाचे पैसे भरावयाचे राहिले. मग आजोबांच्या काळापासूनची पाटी परक्याच्या हाती जाते आणि पत्रिकांवर, पिशव्यांवर छापलेला पत्ता निरुपयोगी होतो. वितुष्टापेक्षाही अनवधानाने हे अधिक घडू शकते.

सबब पाच गोष्टी करारापूर्वी लेखी घ्याव्यात. डोमेन पेढीच्या नावे व पेढीच्याच ई-मेलवर नोंदलेले असावे. गेटवेचे खाते पेढीच्या बँक खात्याशी जोडलेले असावे. मालाची, गिऱ्हाइकांची व ऑर्डरींची यादी केव्हाही फाइलरूपाने उतरवून घेता यावी. मालकाच्या हाती मुख्य पासवर्ड असावा. आणि जागा बदलल्यास जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळविण्याची व्यवस्था असावी. गिऱ्हाइकांचे पासवर्ड सहसा सोबत नेता येत नाहीत, ते त्यांना नव्याने ठेवावे लागतात. तेवढी गैरसोय गृहीत धरावी. उतरवून घेतलेली यादी दर महिन्याला दुकानाबाहेर सुरक्षित ठेवावी. गिऱ्हाइकांची माहिती ही विश्वासाने दिलेली ठेव आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिला कायद्याचेही संरक्षण दिले आहे.

तात्पर्य, विक्री थोडी असता भाड्याची जागा घेण्यात कमीपणा नाही, आणि मोठ्या बाजारात एक गाळा ठेवण्यातही हरकत नाही. पण पाटी, वही आणि गिऱ्हाईक ही तीन दुकानदाराचीच राहतील, अशी तजवीज पहिल्या दिवशी करावी. मुलाने संगणक हाताळावा, वडिलांनी करार वाचावा आणि दोघांनी मिळून एक साडी स्वतःच्या संकेतस्थळावरून मागवून, पैसे भरून व परत करून पाहावी. त्या एका व्यवहारात जागेचे बहुतेक गुणदोष कळून येतात. त्यानंतरच वर्षाचे भाडे भरावे.